जळकोटहून आणलेली फटफटी

जळकोटला कुणी हवापालटासाठी जात नाही. तिथली हवा आमच्या कळंबसारखीच आहे, फक्त हैद्राबाद–सोलापूर सडकेवरच्या लॉऱ्यांची धूळ तिच्यात जास्त. मी गेलो होतो फटफटी आणायला. लढाई संपून वर्ष होत आलं होतं. लष्करानं लिलावात काढलेल्या फटफट्या पुण्याकडून इकडं यायला लागल्या होत्या, आणि जळकोटच्या एका सरकीच्या व्यापाऱ्यानं अशा चारपाच आणून वखारीत ठेवल्या आहेत, अशी बातमी आमच्या गुरांच्या बाजारात येऊन पोचली होती. गुरांच्या बाजारात ती का आली, हे पुढं कळेल.

आधी माझ्याविषयी. कळंबला माझा खासगी दवाखाना आहे. जुनी फटफटी मी आठ वर्षं चालवली. निजामाच्या राज्यात तेव्हा पेट्रोल परवान्यावर मिळे, तो मला डॉक्टर म्हणून मिळत असे. मागं सामानाच्या लोखंडी जाळीवर माझी बायको इंदिरा बसायची. ती शिकलेली नर्स. बाळंतपणाला खेड्यात गेलं की मला ओसरीवर चहा मिळे आणि तिला आत प्रवेश. पाटी माझ्या नावाची होती, बोलावणी मात्र तिला येत.

त्या पावसाळ्याच्या आधी एक दिवस ती म्हणाली, "आता मला गाडीवर बसवत नाही. यापुढं मी बैलगाडीनं येईन."

मी विचारलं, का? ती म्हणाली, बसवत नाही म्हणून. मी ते मनाला लावून घेतलं नाही. फटफटी जुनी झाली होती, वाटेत बंद पडायची, लोक हसायचे. बायकामाणसाला अशा गोष्टी मनाला लागतात, असं मी समजलो. मग मांजरेच्या काठच्या एका गावाहून सकाळी बोलावणं आलं आणि आम्ही बैलगाडीनं निघालो. फटफटीनं तासाभराची वाट, गाडीनं चार तास लागले. बाई वाचली. मूल वाचलं नाही.

त्यात ईटकूरच्या पाटलांची सून दिवसांत होती. तिची आधीची दोन्ही मुलं जन्मताच गेली होती. या खेपेला आपण वेळेवर पोचू, असा शब्द इंदिरेनं तिला दिला होता. दिवस भरायला तीन आठवडे उरले होते. तेव्हा ठरलं की नवी गाडी घ्यायची, आणि आरामशीर घ्यायची. आरामशीर हा शब्द माझा. माझी कंबर गेली होती. मी इंदिरेला समजावलं की चालवणारा आरामात असला की गाडी आपोआप आरामात चालते. ती म्हणाली, "बघा तुम्हाला काय पटतंय ते."

कळंब ते तुळजापूर

कळंबात गुरांच्या बाबतीत सिद्रामअण्णांना विचारल्याशिवाय कुणी दावं सोडत नाही. बाजारातले जुने दलाल, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, डोक्याला हळदी रंगाचा रुमाल. जळकोटची बातमी त्यांनीच आणली होती, त्या व्यापाऱ्याला ओळखणारेही तेच. मी त्यांना म्हणालो, अण्णा, तुम्हाला फटफटीतलं काय कळणार? ते म्हणाले, "जनावराला चार पाय असत्यात, तुमच्या गाडीला दोनच चाकं. काम निम्मंच हाय."

असे आम्ही दोघं जुन्या फटफटीवर निघालो. अण्णा मागच्या जाळीवर दोन्हीकडं पाय टाकून बसले. धोतर, रुमाल आणि मिशा वाऱ्यावर. येरमाळ्याचा घाट लागला. घाटाच्या पायथ्याशी त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"डाक्टर, मी जरा चालतो. तुमी व्हा फुडं."

घाट चालून येणारे अण्णा माथ्यावर मला अर्ध्या तासानं भेटले. पुन्हा चार मैल झाले, पुन्हा थाप. येडशीच्या स्टेशनाजवळ आम्ही भजी खाल्ली, ती अण्णांनी उभ्यानं खाल्ली. मला मनातून हसू येत होतं. उधळलेल्या खोंडाला शिंगं धरून थांबवणारा माणूस यंत्राला भितो, ही गोष्ट परतल्यावर दवाखान्यात रंगवून सांगता येईल, असं मी ठरवून टाकलं.

धाराशिवला पोचल्यावर त्यांनी सरळच सांगितलं की तुळजापूरपर्यंत ते सर्व्हिस मोटारीनं येतील.

"भीती वाटते का, अण्णा?"

"भ्या कशाचं?" ते म्हणाले. मग फटफटीच्या मागच्या बाजूला जाऊन त्यांनी जाळीवरून हात फिरवला. "बाईसाब ह्याच्यावरच बसत्यात?"

"हो."

"किती वर्सं झाली?"

"आठ."

"आन काय म्हनत न्हाईत?"

"कशाला म्हणेल? त्रास आहे तो मला. कंबर माझी धरलीये." आणि मी त्यांना माझ्या कंबरेची हकीकत पहिल्यापासून सांगितली. अण्णांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. शिंगं बघून बैल पसंत करणाऱ्या गिऱ्हाइकाकडं ते ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं ते माझ्याकडं बघत होते, हे मला आज समजतं.

तुळजापुरात आमच्या घराण्याच्या उपाध्यांकडं मुक्काम होता. हा त्या गावचा छान रिवाज आहे: तुम्ही कुठल्याही गावचे असा, तुमचा पणजोबा तिथल्या एका चोपडीत आधीच येऊन बसलेला असतो. उपाध्ये म्हणजे सत्तरीचे गृहस्थ, स्वभावानं कडक, जेवणाच्या बाबतीत मात्र सढळ. भाकरी, तुरीचं वरण, अंबाड्याची भाजी आणि वर शेंगदाण्याची अशी चटणी की अण्णांनीही डोळे पुसले. नवी गाडी परतताना त्यांच्या दारात आणून नारळ फोडल्याशिवाय पुढं न्यायची नाही, असं उपाध्यांनी बजावलं. आमच्याकडं कळंबात नवी वस्तू आणली की शेजारी आधी किंमत विचारतात. इथं आधी नारळ विचारतात, एवढाच फरक.

जळकोट

नळदुर्गाचा किल्ला डाव्या हाताला टाकून पुढं गेलं की माणसांच्या बोलण्यात कानडी मिसळायला लागतं. जळकोटात तर घरटी दोन भाषा. मी लक्ष ठेवून पाहिलं. गिऱ्हाइकाशी मराठी आणि गिऱ्हाइकाविषयी कानडी, अशी साधारण वाटणी होती.

व्यापाऱ्याचं नाव बसलिंगप्पा. लठ्ठ, गोरे, बोलायला अतिशय गोड. मी दारातूनच फटफट्यांचं नाव काढलं. त्यांना ते लहान मुलाच्या अजाणपणासारखं वाटलं असावं.

"आधी ऊटा, डॉक्टरसाहेब. गाडी कुठं पळून जाती?"

ऊटा म्हणजे जेवण. कळंबात पाहुण्याला आधी काम विचारतात आणि कामाच्या वजनाप्रमाणं चहा सांगतात. इथं पोट भरेपर्यंत कामाचा शब्द काढणं असभ्य मानतात. भरली वांगी आली, पापडासारखी कडक भाकरी आली, आणि शेवटी गव्हाची हुग्गी, म्हणजे आपल्या खिरीची कर्नाटकातली थोरली बहीण. तीन वाट्या हुग्गी पोटात गेलेला माणूस कुठल्याही मालाला नावं ठेवू शकत नाही, हे बसलिंगप्पांना ठाऊक असणार. त्या दिवशी आम्ही फटफट्या पाहिल्याच नाहीत. आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखार उघडली. मकबूल मिस्त्री तिथं होता. लढाईत ब्रह्मदेशात लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून परतलेला, बारीक अंगाचा, तिशीतला. फटफट्यांची सगळी देखभाल त्याच्याकडं. तीन विकल्या गेल्या होत्या, दोन शिल्लक होत्या.

पहिली पाहताच मी पसंत केली. हिरवा रंग, काळ्या चामड्याची रुंद बैठक आणि खाली मनगटाएवढ्या जाड दोन स्प्रिंगा. मी बसलो. वखारीतल्या वखारीत मकबूलनं ती पुढंमागं हलवली. इतकं सुख मला लग्नाच्या पाटावरही झालं नव्हतं.

"साब, मेजर लोगां के वास्ते होती ये," मकबूल म्हणाला. "कंबर कू मालूमच नहीं पडता."

दुसरी कोपऱ्यात होती. तिला बाजूला एका चाकाचा पत्र्याचा पाळणा जोडलेला. चालवणाऱ्याची बैठक फाटून आत गोणपाट भरलेलं. पाळण्यात गादी होती, आणि गादीवर कोंबड्या बसल्या होत्या. कोंबड्या मकबूलच्या. बसलिंगप्पा लिंगायत; त्यांच्या वखारीत कोंबडी असणं शक्यच नव्हतं, म्हणून गेले सहा महिने त्यांना त्या दिसल्या नव्हत्या. त्या दिवशीही पाळण्याकडं पाठ करूनच ते आमच्याशी बोलले.

"ते तोट्टिलु कोण घेत नाही," पाळण्याला कानडी शब्द वापरत ते म्हणाले. "तुम्ही ही मेजरसाहेबाची घ्या."

"घेतली," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की पुढचे शब्द माझ्या तोंडातच राहिले. दलाल बरोबर असताना मालकानं बोलायचं नसतं. भाव ठरवायचा तो दोघांनी रुमालाखाली हातात हात घालून, बोटं दाबून. माल ज्याला हवा त्यानं बाजूला उभं राहून आभाळाकडं बघायचं. मी आभाळाकडं बघू लागलो. पण अण्णांनी रुमालाला हातच घातला नाही.

"डाक्टर, मागं बसा," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बाजारात गाडीचा बैल घेताना आमी काय करतो? गाडी भरतो, हाकणारा दुसरा बसवतो, आन घेनारा मागं साट्यावर बसतो. खराब रस्त्यानं कोसभर जाऊन येतो. फुडं बसून समदेच बैल ग्वाड लागत्यात. मिस्त्री, तू चालव."

मला ते हास्यास्पद वाटलं. पण बसलिंगप्पांनीही मान डोलावली, कारण त्यांच्याकडंही बैल असेच घेतात. मी हसत मागच्या जाळीवर टांग टाकली.

"तसं न्हाय," अण्णा म्हणाले. "बाईमानूस कसं बसतं? तसं."

दोन्ही पाय एका बाजूला सोडून मी आडवा बसलो. अण्णांनी वखारीतून सरकीचं लहान पोतं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "ही बाईसाबांची औषधाची पेटी. काच हाय आत. सांभाळा."

मी मकबूलच्या खांद्यावर हात ठेवला. अण्णांनी तो उचलून बाजूला केला.

"चार लोकांत बाईसाब तुमाला धरत्यात का?"

नाही धरत. कळंबच्या पेठेतून कुठली बाई नवऱ्याला धरून जाईल? मी एका हातानं पोतं धरलं आणि दुसऱ्या हातानं जाळीची कड. मकबूलनं गाडी सोडली.

जळकोटच्या बाजारातून मी, वय वर्षं शेहेचाळीस, कोट आणि टोपी घालून, फटफटीवर बायकांसारखा आडवा बसून, मांडीवर पोतं घेऊन गेलो. हॉटेलातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. पहिले काही क्षण मला फक्त त्यांची काळजी होती. नंतर गाडी सडक सोडून शेताच्या वाटेला लागली आणि माणसांची काळजी उरली नाही.

पुढं बसणाऱ्याला खड्डा दिसतो. तो अंग सावरून धरतो. मागच्याला खड्डा दिसत नाही, तो लागतो. मेजरसाहेबाच्या स्प्रिंगा मकबूलला खालीवर झुलवत होत्या आणि मला जाळीवरून उडवत होत्या. धरावं तर पोतं सुटतं, पोतं धरावं तर मी सुटतो. आडवं बसल्यामुळं प्रत्येक दणका कण्याच्या एकाच बाजूला, एकाच जागी. मैलभर गेल्यावर मी मकबूलला म्हणालो, जरा हळू. आवाज त्याच्यापर्यंत पोचला नाही. मी ओरडलो. तरी पोचला नाही. इंदिरा आठ वर्षांत असं काही म्हणाली असेल का, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला, आणि मग बाकीचे प्रश्न आपले आपण येत गेले.

खेड्यात पोचलं की ती उतरून कुंपणापाशी क्षणभर उभी राहायची. मला वाटायचं, पदर सारखा करते. घरी जमिनीवरून उठताना हात टेकायची. गेली दोन वर्षं गादी सोडून चटईवर झोपत होती. मी विचारलं तेव्हा उकडतं म्हणाली होती, आणि मी थंडीतसुद्धा ते खरं मानलं होतं. दवाखान्यात या तीन गोष्टी कुणा परक्या बाईनं सांगितल्या असत्या तर मी तिला दुसऱ्या वाक्याला थांबवून दुखणं सांगितलं असतं. आणि घरात मात्र आठ वर्षं मी कंबरेचं दुखणं ऐकवत होतो, ते माझं. मला लाज वाटली. नुसतं वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं.

गाडी वखारीशी येऊन थांबली. मी उतरलो आणि भिंतीला हात लावून थोडा वेळ उभा राहिलो.

"काय म्हनता?" अण्णांनी विचारलं.

"ती दुसरी बघू," मी म्हणालो.

कोंबड्यांना उठवण्यात अर्धा तास गेला. मी पाळण्यात बसलो, पोतं पायाशी ठेवलं, मकबूलनं त्याच वाटेनं फिरवून आणलं. गादीला वास होता, एका बाजूला अंडं फुटलं होतं, पण पाठीला टेका होता आणि दोन्ही हात मोकळे होते. परत आल्यावर अण्णांनी डोक्याचा रुमाल काढला. त्यांनी आणि बसलिंगप्पांनी त्याखाली हात घातले. मी आभाळाकडं बघत राहिलो. जुनी फटफटी मोडून सुटे भाग काढायला मकबूलकडं गेली, हे मला जेवताना कळलं.

परतीची वाट

परतीच्या वाटेवर पाळण्यात अण्णा बसले. रुमाल नीट बांधला, मिशा पुसल्या, हात दोन्ही कडांवर. नळदुर्गाच्या नाक्यावर पोलिसानं त्यांना सलाम ठोकला. अण्णांनी मान हलवून तो स्वीकारला. पोलीस माझ्याकडं बघून म्हणाला, "डायव्हर, कागज दिखाव." मी कागद दाखवले.

माझी बैठक गोणपाटाची होती.

तुळजापुरात उपाध्ये हळदकुंकू घेऊन उंबऱ्यावर आले. त्यांनी पाळण्याच्या नाकाडावर कुंकू लावलं आणि मंत्र सुरू केला, तोच आतल्या अंधारातून मकबूलची एक कोंबडी बाहेर आली आणि त्यांच्या अंगणात उतरली. सबंध वाट ती अण्णांच्या पायाशी बसून आली होती. उपाध्ये मंत्र म्हणता म्हणता दोन पावलं मागं सरकले, पण त्यांनी मंत्र तोडला नाही. संपल्यावर ते म्हणाले, "गाडीला शुद्धी दिली. आता अंगणाची दक्षिणा वेगळी." कोंबडी जळकोटकडं जाणाऱ्या एका लॉरीवाल्याच्या हाती सोपवली. ती मकबूलकडं पोचली की वाटेत जेवणात गेली, हे मला माहीत नाही.

कळंब

इंदिरा दारात उभी होती. गाडीभोवती तिनं एक फेरी मारली. पाळण्यातली गादी दाबून पाहिली, मग वाकून वास घेतला.

"यात कोंबड्या होत्या?"

"हो."

"आणि यात मी बसायचं?"

वाटेत मी बरंच काही बोलायचं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं सगळ्यात लहान वाक्य तेवढं बाहेर आलं.

"मी मागं बसून पाहिलं," मी म्हणालो.

"कुठं?"

"जळकोटला. आडवं बसून. मांडीवर पोतं घेऊन."

तिनं गादीवरचा हात काढला.

"किती वेळ?"

"दोन मैल."

"दोन मैल," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी तिला पालथं झोपायला सांगितलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिची पाठ तपासली. कण्याच्या डाव्या बाजूला, अगदी त्याच जागी, बोट लावल्याबरोबर तिनं चटई मुठीत धरली.

ईटकूरचं बोलावणं अकरा दिवसांनी आलं, ठरल्याआधीच. सकाळची वेळ होती. पाटलांचा माणूस घोड्यावरून आला होता आणि घोडा फेसाळला होता. इंदिरा पाळण्यात बसली, पेटी पायाशी ठेवली. ओढ्याच्या उतारावर मला गाडी हळू करावीशी वाटली, ती म्हणाली, नको, चला. पाळण्यातून बोललेलं मला ऐकू येत होतं. आम्ही पोचलो तेव्हा दिवस नीट वर आला नव्हता. ती उतरली ती कुंपणापाशी न थांबता सरळ आत गेली.

मी ओसरीवर तीन कप चहा प्यालो. चौथा कप आला तेव्हा आतून रडणं ऐकू आलं, बारीक आणि रागीट. मुलगी होती. पाटील, म्हणजे त्या सुनेचे सासरे, खांबाला धरून खाली बसले आणि मला म्हणाले, "डाक्टर, बाईसाब येळंवर आल्या." मी हो म्हणालो. चौथा कप तसाच खाली ठेवला.

दुपार कलल्यावर आम्ही परत निघालो. वाट तीच, दोन्हीकडं ज्वारी. माझी कंबर गोणपाटावर मोडून येत होती. मी सहज डावीकडं पाहिलं. इंदिरा मान मागं टेकून बसली होती. डोळे मिटलेले, केसांत धूळ, ओठ थोडे उघडे, हात मांडीवर सैल पडलेले. आठ वर्षं आम्ही या वाटांनी हिंडलो आणि ती सतत माझ्या पाठीमागं होती. वाटेत असताना ती कशी दिसते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी बघत राहिलो.

"अहो," ती डोळे न उघडता म्हणाली, "रस्त्याकडं बघा."